नवरीच्या जागी धूर

दिग्रसच्या गफ्फारमियांना जगातल्या एकाच गोष्टीचा संताप होता: माणसं हालतात. अल्लानं माणूस घडवताना फोटोग्राफरला विचारलं नाही, हे त्यांचं ठाम मत. तीन पायांच्या घोडीवरचा त्यांचा लाकडी कॅमेरा बापाच्या वेळचा. काळ्या फडक्यात डोकं घालायचं, भिंगावरची टोपी काढायची, "एक... दो... तीन" म्हणायचं आणि टोपी परत लावायची. तेवढ्यात कुणी श्वास घेतला तरी मिया तापायचे.

अशा माणसाला देवसिंग नाईकांनी लेकीच्या लग्नाला तांड्यावर बोलावलं. नाईकांची बायको रुक्माबाई, तिची अट एकच. गंगी सासरी निघतानाचा फोटो पाहिजे. लेक गेल्यावर घरात तेवढाच तिचा चेहरा राहणार.

पण बंजाऱ्यांची लेक मुकाट निघत नाही. एकेकाच्या गळ्यात पडून, डोलत, गाण्यात रडते. त्याला ढावलो म्हणतात. मिया फडक्यातून ओरडले, "पोरी, हालू नको! रडणं जरा थांबव!" कोण ऐकतो?

मियांनी फोटो धुऊन आणला. त्यात झोपडी स्पष्ट, बैल स्पष्ट आणि मधोमध नवरीच्या जागी धूर.

"हे काय व्हय, मिया?" नाईक कडाडले. "बैलाचं लगन होतं काय?"

"बैल शांत उभा होता! तुमची पोरगी हालून राह्यली, त्याले मी काय करू?"

रुक्माबाई उसळली. "मायबाप सोडून चालली लेक. तिनं काय खांबावानी उभं राहून रडावं? तुमच्या डब्ब्याले रडणं दिसत नसंल, तर तो लग्नात आणता कायले?"

मिया रागातच नवा कॅमेरा घ्यायला नागपूरला गेले. दुकानदारानं पितळी कड्यांचा भलाथोरला कॅमेरा पुढे केला.

"रडून दाखवा," मिया म्हणाले.

"काय?"

"डोलत रडा! रडता माणूस यात येते का, पाहू द्या मले."

गिऱ्हाईक म्हणजे देव. ढेरी सांभाळत दुकानदार रडला, प्रत्येक कॅमेऱ्यापुढे रडला. फोटो धुतले, तेव्हा मोठमोठ्या यंत्रांत नुसता धूर. तळहाताएवढ्या एका कॅमेऱ्यात मात्र त्याचा सोन्याचा दातसुद्धा दिसला. मियांनी तोच घेतला. "खेळणं आणलं काय?" म्हणून दिग्रस हसलं.

दिवाळीला गंगी माहेरी आली, निघताना पुन्हा तशीच रडली. या वेळी कळ दाबली आणि काम झालं. फोटोत आसू, नथ, विस्कटलेले केस, सगळं लख्ख.

नाईकांनी तो उलटासुलटा पाहिला. "तोंड केवढं उघडं हाय हो, मिया! जरासं मिटलेलं घेता नाही आलं?"

रुक्माबाईनं फोटो हिसकून घेतला.

"माही गंगी अशीच रडते. तुमी आपलं तोंड मिटा."