पेरणीला गेलेलं संग्रहालय

जगात वस्तू जपून ठेवणारी माणसं पुष्कळ असतील, पण जपून ठेवलेली वस्तू कुणी उचलून नेली की पेढे वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. मामेसासरे यवतमाळच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर बाकीचे लोक तीर्थयात्रेला जातात, नातवंडं खेळवतात, अगदीच काही नाही तर वर्तमानपत्राला पत्रं लिहितात. यांनी लोहाऱ्याच्या वाटेवर बंद पडलेल्या एका जिनिंगच्या गोदामात कापसाच्या मुलखाचं संग्रहालय काढलं. गोदामाचे मालक, म्हातारे शेठजी, मोठे समजूतदार होते. उंदरांपेक्षा गुरुजी परवडले, असं म्हणून त्यांनी किल्ली फुकट दिली होती.

सायकलवर गावोगाव हिंडून मामेसासऱ्यांनी तिफणी जमवल्या, उभ्या पिकातलं तण काढायचे डवरे जमवले, जाती, पाणी भरायचे पितळेचे गुंड, कापसातून सरकी वेगळी करायचा लाकडी हातरेचा, काय नि काय. या वस्तू लोकांनी दिल्या त्या एका अटीवर, आणि ती अट लोकांनी नव्हे, खुद्द मामेसासऱ्यांनीच घातली होती. "वस्तू तुमच्या घरची ते घरचीच. लागली का घेऊन जा, काम झालं का आणून द्या." परिणाम असा की संग्रहालयातली निम्मी जागा कायम रिकामी आणि त्या रिकाम्या जागी मामेसासऱ्यांच्या वळणदार अक्षरातली, वेलबुट्टी काढलेली एकेक पाटी. "तिफण पेरणीला गेली आहे." "जातं लग्नाला गेलं आहे. हळद दळून होताच परत येईल." "गुंड महालक्ष्म्यांच्या जेवणावळीला गेला आहे." जी वस्तू वर्षभर जागची हलत नसे तिच्याकडे ते आजाऱ्याकडे बघावं तसं बघत. हलली की मात्र त्यांचा चेहरा खुले, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून पावशेर पेढे येत.

विदर्भात जावयाचा मान मोठा, आणि मामेसासऱ्यांनी माझा मान कधी कमी केला नाही. कधी एकेरी हाक मारली नाही, की माझ्याआधी चहाचा कप उचलला नाही. फक्त त्या चहाच्या आधी आणि नंतर ते मला जड वस्तू उचलायला लावत. "जावईबापू, तुमी काहून उभे राह्यले? तेवढं जातं तिकडं सरकवा बरं." अधिक महिन्यात लोक जावयाला अनारसे वाण देतात. मला त्यांनी अनारसे दिलेच, पण त्यावर झाकायला म्हणून एक नवं कोरं फडकं दिलं, आणि अनारसे संपल्यावर ते फडकं कुठे वापरायचं हे समजावून सांगायला मला थेट गोदामात नेलं.

त्यांची प्रदर्शनं ऋतूप्रमाणे बदलत. म्हणजे ते बदलत नसत, लोक येऊन वस्तू नेत, तेव्हा उरेल ते प्रदर्शन. त्यातल्या त्यात त्यांनी स्वतः ठरवून केलेलं एक प्रदर्शन म्हणजे सीतादही. आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी करताना शेतात पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. शहरातल्या कुटुंबांना हे कळावं म्हणून त्यांनी एका कुंडीत पऱ्हाटीचं एकच झाड वाढवलं, त्याला जेमतेम पाच बोंडं धरली, आणि त्या पाच बोंडांच्या वेचणीचं निमंत्रण सबंध कॉलनीला गेलं. आदल्या दिवशी शेजारच्या शेळीने झाड खाल्लं. दुसरा कुणी असता तर कार्यक्रम रद्द करता. हे नव्हे. कुंडीला पाटी लागली, "प्रदर्शन शेळीने खाल्ले आहे," आणि ठरल्या वेळी रिकाम्या कुंडीची पूजा होऊन आम्ही सगळे दहीभात जेवलो.

आर्णीजवळच्या एका तांड्यावरची म्हातारी बंजारा आजी हे त्यांचं सर्वांत मोठं संकट होतं. तिने आपला फेटिया, म्हणजे आरशांनी मढवलेला लग्नातला घागरा, संग्रहालयाला दिला होता. मामेसासऱ्यांनी तो मोठ्या हौसेने बांबूच्या कामट्या लावून, चहूबाजूंनी ताणून टांगला. श्रावणात तांड्यावर तीज असते, त्यासाठी फेटिया न्यायला आजी आली आणि दारातच थांबली. "हे काय करून ठेवलं, गुरुजी? छत्री हाय का ते?" असं म्हणून तिने तो काढायला लावला, नेसत्या लुगड्यावरच चढवला आणि गोदामात हातवारे करत दोन चकरा मारल्या. "असा असते फेटिया. बाई आत पायजे." तेव्हापासून तो टांगायचा नाही, आजी येईल तेव्हाच लोकांनी पाहायचा, असं ठरलं. आजी वर्षातून एकदा येई. तरी मामेसासरे कुणालाही सांगताना "आमचं सर्वांत चांगलं दालन" असं तिच्याविषयीच सांगत.

महिन्यातून एकदा सहकुटुंब रविवार असे. सहकुटुंब याचा अर्थ मामेसासरे फार कडक लावत. घरातलं म्हातारं माणूस बरोबर नसेल तर प्रवेश नाही, कारण त्यांच्या मते पाहुण्यांपैकी तेवढ्यालाच काही कळतं. एकदा पुण्याहून बदलून आलेला बँकेतला एक साहेब बायकामुलांना घेऊन आला. "घरी कोण आहे?" "आई आहे, टीव्ही बघत बसलीय." "मग घेऊन या." साहेब चडफडत परत गेला आणि आईला घेऊन आला. आई त्याहून चडफडत होती. पण हातरेचा दिसताच ती त्याच्यासमोर फतकल मारून बसली, पदर खोचला आणि सरकी काढायला लागली, ती दुपारचे दोन वाजले तरी उठेना. शेवटी साहेबाला तिचा डबा घेऊन तिसऱ्यांदा यावं लागलं.

ती वर्षं कापसाची वाईट होती. पानठेल्यावर, बसमध्ये, मयतीत, कुठेही जा, भावाशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. शेतकरी संग्रहालयात येत, आपल्या आज्याच्या तिफणीवरून हात फिरवत आणि दुसऱ्या वाक्याला भावावर येत. म्हणून मामेसासऱ्यांनी सर्वांत मोठी पाटी दाराशी लावली होती, "आत भावाची चर्चा करू नये." या पाटीचा सर्वांत जास्त त्रास त्यांनाच झाला. बोलता बोलता भावाचा विषय ओठावर आला की ते पाहुण्याचा दंड धरून त्याला फाटकाबाहेर रस्त्यावर नेत, तिथे दोघं मिळून पंधरा मिनिटं सरकारपासून व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करत, मग आत येऊन "हां, तर हा रेचा," असं म्हणून पुढे चालू करत. तिफणीवर मात्र त्यांचा राग होता. लोक कापूस सोडून सोयाबीनकडे वळले होते, आणि कापसाच्या संग्रहालयातली तिफण सोयाबीन पेरायला जाते हे त्यांच्या मनाला लागे. तरी पेढे आणत. फक्त त्या दिवशी स्वतः खात नसत.

मग म्हातारे शेठजी वारले. त्यांचा मुलगा नागपूरला असे, त्याला गोदाम मोटारसायकलच्या शोरूमसाठी हवं होतं. माणूस वाईट नव्हता. त्याने निरोप धाडला की मी बायकोला घेऊन येतो, पाहतो, पाहण्यासारखं असेल तर राहू द्या. रविवार तुम्हीच सांगा. मामेसासऱ्यांनी कळवला तो मृगाचा पाऊस पडून गेल्यानंतरचा पहिला रविवार. मी हातापाया पडलो. म्हटलं, मामा, त्या दिवशी गोदामात पाट्यांशिवाय काही नसेल, दिवाळीनंतर बोलवा. तर म्हणाले, "दिवाळीनंतर काय दाखवू त्याले? तवा सगळ्या वस्तू घरी बसून राह्यतात. संग्रहालय कामात असते ते आत्ता." निदान चार वस्तू एका दिवसापुरत्या परत आणू, असं सुचवलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "पेरणी सोडून तिफण मिरवाले आणाची, जावईबापू?"

शेठजींचा मुलगा आला. मामेसासऱ्यांनी त्याला आणि त्याच्या बायकोला पाऊण तास रिकामं गोदाम दाखवलं. "इथं आमची तिफण. सध्या कळंबच्या रस्त्याले चार एकर पेरून राह्यली. हे जातं. ते काल लग्नाले गेलं. इथं वखर असते, पण तो काही आता सापडाचा नाही तुमाले." बाई शेवटी अगदी नम्रपणे म्हणाल्या, "पण काका, पाहायचं काय?" मामेसासऱ्यांनी रिकाम्या जमिनीकडे बोट केलं आणि म्हणाले, "हेच तं." असा खूश चेहरा मी त्यांचा पूर्वी पाहिला नव्हता. पाहुणे चहा घेऊन गेले. आठवड्याने फोन आला, संक्रांतीपर्यंत गोदाम मोकळं करा.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी सगळ्यांना आपापल्या वस्तू न्यायला बोलावलं. आजवर जो तो आपली वस्तू न्यायला एकटा येई. त्या दिवशी मात्र म्हाताऱ्यांसकट घरंच्या घरं आली, ट्रॅक्टरवर, आटोत, दुचाकीवर. एवढी गर्दी संग्रहालयाने कधी पाहिली नव्हती. बँकेच्या साहेबाच्या आईने बंजारा आजीचा फेटिया निरखला, आजीने साहेबाच्या आईला रेचा कसा धरतात यावरून बोल लावले. मामेसासरे इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांना तिळगूळ देत, प्रत्येक वस्तूची माहिती तिच्याच मालकाला सांगत फिरत होते. मी जाती उचलत होतो. आणि निघताना प्रत्येक जण सवयीने विचारत होता, "परत कवा आणाचं, गुरुजी?" मला वाटलं, आता ते सांगतील की आणायला जागाच राहिली नाही. ते सांगेनात. "पेरणी झाली का आणा." "तीज झाली का आणा." "पोळा झाला का आणा." एकेकाला ऋतू वाटून देत होते. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सहज त्यांच्याकडे गेलो. मामी दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "सकाळपासून ओट्यावर बसून हायेत, नाश्ता बी केला नाही." मामेसासरे रस्त्याकडे तोंड करून बसले होते. बैठकीतला दिवाण भिंतीला खेटवून त्यांनी निम्मी खोली मोकळी केली होती. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मग आर्णीकडचा एक शेतकरी दुचाकीवर आला. मागे त्याची बायको डवरा आडवा धरून बसली होती. "किती उशीर?" असं म्हणून मामेसासऱ्यांनी त्याला फैलावर घेतलं आणि मला हाक मारली. मी डवरा आत नेला. त्याच्या पासेवर, म्हणजे लोखंडी पात्यावर, गंज चढला होता.

"औंदा डवरणी कशी काय झाली?" मामेसासऱ्यांनी विचारलं.

"डवरलंच नाही, गुरुजी. बैल इकले म्या चैतात. तनावर फवाराच मारला."

"मग हा?"

"हा तं घरीच होता. तुमी पोळ्यानंतर आना म्हनलं होतं, म्हनून आनला."

मामींनी चहा आणला, तो मामेसासऱ्यांनी पाहुण्याच्या पुढे सरकवला. मग त्यांनी अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं, "पुढच्या आषाढात न्याले येसान ना?"

त्याने बायकोकडे पाहिलं, मग डवऱ्याकडे. "येतो न, गुरुजी," तो म्हणाला. "येतो नाही तं काय."

मामेसासऱ्यांनी मान हलवली. मी कपबश्या उचलून आत घेऊन गेलो.