बंधाऱ्याच्या दाराशी थांबलेली होडी

दुसरा भाग पहिल्यापेक्षा चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण ते कबूल करायला मला फार दिवस लागले. नदीतून गावोगाव टपाल पोचवणाऱ्या एका नावाड्याचा तो व्हिडिओ गेम. माझं वय अठ्ठावन्न, विद्यापीठाच्या एका कचेरीत फायली सांभाळते, आणि आमच्या शहरातल्या भंवरकुआंच्या चौकात क्लासची पोरं मोबाइलवर खेळत रस्ता ओलांडताना दिसली की आजही त्यांना रागावते. तेव्हा मला गेमची हौस होती असा कोणी समज करून घेऊ नये.

माझ्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली, तिथून हे सुरू झालं. पाय काठीच्या आधाराने हळूहळू चालू लागला, बोलणं जड झालं तरी समजत होतं, पण उजवा हात काही परत आला नाही. वाचायला घेतलं की अक्षरं नाचतात म्हणायचे. फिजिओथेरपीवाला मुलगा रबरी चेंडू देऊन गेला आणि जाताना म्हणाला, "अंकल, उंगलियां चलाते रहो, बस." ह्यांनी तो चेंडू दुसऱ्याच दिवशी पलंगाखाली ढकलून दिला. पिथमपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं मशीनवर राज्य केलेला माणूस, चेंडू कसला दाबतोय!

लेक बंगळूरहून आली होती. तिचं जुनं गेमचं मशीन कपाटावर धूळ खात पडलेलं. ते तिने टीव्हीला जोडलं आणि कंट्रोलर बाबांच्या हातात दिला. डाव्या अंगठ्याखालच्या बुटक्या दांडीने होडी वळवायची. उजव्या बाजूच्या बटनांनी दोर फेकायचा, वल्हं उचलायचं, बंधाऱ्याची दारं उघडायची. डावी बाजू ह्यांना जमली, उजवी जमणं शक्यच नव्हतं. मी चहाचे कप उचलायला आले होते. होडी खडकावर जाऊ लागली तसे हे ओरडले, "अगं, दाब की ते पिवळं!" मी कप खाली ठेवून ते पिवळं दाबलं. दोर खुंटाला अडकला आणि होडी वाचली.

त्या दिवसापासून कंट्रोलरची डावी बाजू ह्यांची आणि उजवी माझी. तो आमच्या दोघांच्या गुडघ्यांमध्ये धरायचा म्हणजे सोफ्यावर अगदी चिकटून बसावं लागे. आम्ही काही तसलं जोडपं नव्हतो. हे सकाळी कंपनीच्या बसने जायचे, मी माझ्या कचेरीत, आणि रविवारी ह्यांच्या तोंडासमोर पेपर. खांद्याला खांदा लावून आम्ही बसलो ते लग्नाच्या फोटोत, आणि त्यानंतर एकदम त्या होडीत.

खेळताना बोलणंही आपोआप व्हायचं. माझं माहेर इथल्याच परदेशीपुऱ्यातलं, वडील मिलमध्ये, आजूबाजूला सगळी हिंदी, त्यामुळे घाई झाली की माझ्या तोंडून निम्मी हिंदीच बाहेर पडते. "अहो रुको, रुको! मी रस्सी फेकते ना!" असं मी म्हटलं की हे साताऱ्याचे असल्याच्या थाटात होडी तिथेच सोडून मला सुधारायचे. "दोर. रस्सी नाही. दोर फेक." तोवर होडी बुडालेली असायची.

कारण पहिला भाग फारच दुष्ट होता. होडी बुडाली की पार मागच्या दिव्याच्या खांबापासून पुन्हा सुरुवात. थांबायची सोय नाही. जरा हात काढला की प्रवाह होडीला ओढत नेणार. एकदा दूधवाल्याला पैसे द्यायला मी उठले, परत येऊन पाहते तर होडी बंधाऱ्यावरून खाली कोसळलेली. हे जेवणापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मागे वळताही येत नसे. पुढचं गाव आलं की मागचं गेलं ते गेलंच.

आठ महिन्यांनी आम्ही तो संपवला. शेवट म्हणजे काय, समुद्राचं एक चित्र आणि मग इंग्रजी नावांची लांबलचक रांग. मला वाटलं हे खूश होतील. दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून आले, चहा केला, पोह्यांवर शेव घातली, आणि आम्ही बंद टीव्हीसमोर बसलो. करायला काही नव्हतं. हे पुन्हा भिंतीकडे बघत बसू लागले, झटक्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत बसायचे तसे. बोलणंसुद्धा कमी झालं. त्या दिवसांची आठवण मला अजून नकोशी होते.

लेकीने दुसरा भाग पाठवला तो तेव्हा. सुरुवातीलाच इंग्रजीत एक यादी आली, कायकाय बदलून घेता येतं त्याची. ह्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्याने वाचून मराठीत सांगू लागले. अक्षरं मोठी करता येतात. ती मी लगेच केली. होडी कुठेही बांधून ठेवता येते. गेलेल्या गावी परत जाता येतं. पाण्याचा आवाज कमी करता येतो. आणि मग एक ओळ आली. एका हाताने खेळता येतं. दोर, वल्हं, दारं, सगळं त्या डाव्या बाजूनेच.

ती ओळ मी वाचली नाही. मनात वाचली आणि पुढच्या ओळीवर गेले.

ह्यांनी विचारलं, "बास? एवढंच?"

मी म्हटलं, "एवढंच."

का केलं असं, तर भीती वाटली म्हणून. ह्यांना माझी गरज उरणार नाही, मी पुन्हा चहाचे कप उचलणारी होईन, ही भीती. एक आजारी माणूस स्वतःच्या हाताने काहीतरी करू शकला असता आणि मी त्याच्यापासून ते लपवलं. स्वतःला मी शंभर कारणं दिली. त्यांना झेपणार नाही, दमतील, चिडतील. पण खरं कारण मला पक्कं ठाऊक होतं, आणि पुढचं वर्षभर ते मला टोचत राहिलं.

खेळ मात्र सुरेख होता. पहिल्या भागात जे जे छळत होतं, ते कोणीतरी शांतपणे बसून काढून टाकलं होतं. आता हात काढला तर होडी वाहून जात नसे. नावाडी आपणच ती काठाला बांधायचा, स्टोव्ह पेटवायचा आणि चहा ठेवून बसायचा. ह्यांना ते फार आवडलं. "शहाणा झाला बघ हा," म्हणाले. मी कचेरीतून यायचे तेव्हा खेळ सुरू करून ठेवलेला असे, आमची होडी घाटाला उभी. मला वाटायचं, ह्यांना दम निघत नाही. मला ते आवडायचं.

मग एक मोठा बंधारा आला आणि तिथे आमचं बिनसलं. दार समोर दिसत होतं. माझं एक बटन, की झालं. पण हे ऐनवेळी दांडी फिरवून होडी मागे वळवायचे.

"अहो, सामने तर आहे! चला ना!"

"थांब गं. वरच्या गावचं एक पत्र राहिलंय."

पत्र देऊन आलो की मासे बघायचे राहिलेले. मासे झाले की एक म्हातारी घाटावर उभी आहे, तिला पलीकडे सोडू. असे तीन महिने गेले. एका संध्याकाळी कचेरीतून वैतागून आले होते, होडी पुन्हा वळली आणि मी बोलून गेले, "माझ्याशिवाय एक दार उघडत नाही तुम्हाला, आणि वर मलाच थांबवता!"

हे नुसते हसले. हसले की अर्धंच तोंड हलायचं. "खरंय," म्हणाले.

मागच्या थंडीत दुसरा झटका आला आणि चार दिवसांत सगळं संपलं.

तेराव्यानंतर लेक आठवडाभर राहिली. एका दुपारी मी मेथी निवडत बसले होते. तिने टीव्ही लावला, मशीन सुरू केलं आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आई, इथे दोन आहेत."

"दोन काय?"

"दोन खेळ. एक तुमचा दोघांचा, बंधाऱ्यापाशी थांबलाय. आणि हा दुसरा पूर्ण झालाय. हा तू खेळलीस?"

मी उठून गेले. त्या दुसऱ्या खेळात सगळी गावं झाली होती, सगळी पत्रं पोचली होती, समुद्राचं चित्र आलं होतं. लेकीने काहीतरी दाबून पाहिलं आणि म्हणाली, "हं, एका हाताचं सेटिंग. म्हणजे बाबाच. दुपारी खेळत असणार."

"पण त्यांना कुठे ठाऊक होतं ते?" मी विचारलं.

"अगं, मीच सांगितलं ना फोनवर, कुठून लावायचं तेसुद्धा! त्यासाठीच तर पाठवला हा भाग. पार्सल यायच्या आधीच सांगितलं होतं."

पार्सल यायच्या आधी! म्हणजे मी यादी वाचत होते तेव्हा ह्यांना ती ओळ माहीत होती. ते तिची वाट पाहत होते. मी ती गाळली, ते त्यांनी ऐकलं, आणि मग विचारलं, बास, एवढंच?

खोटं कशाला सांगू, आधी राग आला. एवढं वर्षभर मी मनात कुढत राहिले आणि हा माणूस दुपारभर मजेत होड्या हाकत होता. संध्याकाळी माझा आवाज आला की ते सेटिंग काढायचं, आमची होडी आणून घाटाला लावायची, आणि मी दोर फेकला की "शाब्बास" म्हणायचं. एकदा तरी सांगायचं! मी मेथीचं ताट तसंच टाकून आत गेले आणि खूप रडले. लेकीला वाटलं, आठवण आली म्हणून.

बंधाऱ्याचं कोडं मला त्या रात्री नाही, बऱ्याच दिवसांनी कचेरीत फाईल बांधताना सुटलं. त्या दारापलीकडे गाव नव्हतं, पत्र नव्हतं, खेळच संपत होता. ह्यांना ते ठाऊक होतं, कारण ते एकटे तिथवर जाऊन आले होते. पहिला भाग संपल्यावर आमच्या घरात काय झालं होतं तेही त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते होडी वळवत होते. आणि मी काय म्हटलं, तर माझ्याशिवाय दार उघडत नाही तुम्हाला. त्यावर ते खरंय म्हणाले.

लेक मशीन घेऊन जाणार होती. मी नाही म्हटलं. तिने जाताना मला ते एका हाताचं सेटिंग दाखवून ठेवलं. "आता तू एकटी खेळू शकशील," म्हणाली. मी ते लावलेलं नाही.

रविवारी सकाळी मी टीव्ही लावते आणि सोफ्यावर माझ्या जागी बसते, उजवीकडे. कंट्रोलरची माझी बाजू धरते. डावी बाजू तशीच मोकळी. बंधाऱ्याचं दार समोर आहे. नावाडी होडी बांधतो, स्टोव्ह पेटवतो, चहा ठेवतो आणि बसतो. मीही माझा कप घेऊन बसते. पहिला भाग असता तर होडी केव्हाच वाहून गेली असती. ह्यात ती जात नाही. ह्यांनी जिथे ठेवली होती, तिथेच आहे.