वाघोबाच्या वळणावरचा ठेका

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि त्याला सबळ कारण होतं. आमच्या पंचक्रोशीतली निम्मी भुतं मीच तयार केलेली आहेत! लग्नघरात जागरण असलं की मला बोलावतात. मी गोष्ट रंगवतो, आणि मग धट्टीकट्टी माणसंसुद्धा एकटी मोरीकडे जात नाहीत. तर असा मी... ऐका.

शहापूरला एका गोदामात मी सुपरवायझर. बायको सुमन तिथंच शिवणक्लास घेते. संध्याकाळी दोघं आमच्या जुन्या व्हॅनमधून मुरबाडकडे, घरी. दिवसभर ट्रकवाल्यांवर ओरडून डोकं भणभणलेलं असतं, म्हणून गाडीत एकच गाणं लावायचो — हिपहॉप! हसू नका. धांगडधिंगा नाही तो. संथ ठेका, खाली गुरगुरणारा बेस, आणि एक माणूस पाय पसरून बसल्यासारखा निवांत बोलतोय... दुसऱ्या कडव्यापर्यंत माझे आखडलेले खांदे सैल व्हायचे.

वाटेत सागाच्या जंगलात एक वळण आहे. तिथं वाघोबा, म्हणजे शेंदूर फासलेला दगड. त्याच्यासमोर काही वाजवायचं नाही, हा रिवाज. वरातीचा बँडसुद्धा तिथं मुका होतो. मीही रोज गाणं बंद करायचो.

त्या दिवशी सूर्य नुकताच बुडाला होता. गाणं ऐन रंगात.

"आवो, बंद करा. वाघोबा आला," सुमन म्हणाली.

"अगो, हे वाजवणं थोडंच हाय? तो नुसता बोलतोय. बोलायला बंदी नाय!"

"आता वाघोबासमोर वकिली करा तुमी!"

मी हसलो. दगड मागे गेला. आणि बोलणारा माणूस मध्येच गप्प झाला... फक्त ठेका उरला. धप्... धप्...

मोबाइल बंद केला. ठेका चालूच. काच खाली केली — आवाज बाहेरून येत होता! सागांमधून, गाडीच्या बरोबरीनं. मी वेग वाढवला. ठेका तसाच संथ, पण मागे पडेना.

"सुमन, ऐकतेस ना?"

तिच्याकडे पाहिलं. डोळे मिटलेले, आणि मान ठेक्यावर डोलतेय. हाका मारल्या, दंड धरून हलवली. दंड गारठलेला. मान डोलतेच आहे...

ही गेली, एवढंच डोक्यात आलं. गाडी वळवली, दगडापाशी आणली, उतरून कान धरले.

"चुकलो रे देवा. वाकडं बोललो ते मी. तिला सोड!"

ठेका थांबला. मागून सुमन रडत धावत आली आणि माझ्या गळ्यातच पडली.

वाचवली मी बायकोला! घरी चहा पिताना मी तोऱ्यात सगळं सांगितलं. तिनं कप खाली ठेवला.

"मला कुठं काय झालेलं? मान तुमची डोलत होती. मी बोंबलतेय, आणि तुमचे डोळे मिटलेले. दोन्ही हात मांडीवर."

"आणि गाडी?"

"चालत होती. वळली पण. दगडापाशी थांबली, तेव्हा तुमी डोळे उघडलेत."

सुमनला गाडी चालवता येत नाही.

याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. "मग स्टेअरिंगवर कोण होतं गो?" असं मी तिला अनेकदा विचारलं. ती पदर तोंडाला लावते आणि उठून आत जाते. तिनं पाहिलंय... आणि खरं सांगू? हल्ली मी विचारायचं बंद केलंय. न जाणो, एखाद दिवशी सांगेल.