मजुरीच्या खात्यात लिहिलेले पैसे

आमचा परकर शिवायचा धंदा. नवरा गेला तेव्हा घरात दोन मशिनी होत्या. एक माझी, दुसरीवर खमरियाहून बसनं येणारी बाई. त्या वर्षी चार महिने तिनं अर्ध्या पैशात काम केलं, तोंडातून शब्द काढला नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेली. आलं-गेलं एका वहीत लिहायची, बस. सून आली, तिनं कम्प्युटर आणला अन् खात्यांची यादी भिंतीवर चिकटवली. कापड, धागा-नाडी, मजुरी, वीज, घरी नेलेले. मला म्हणे, आई, पैसा कशाला गेला ते पाहायचं अन् त्याच खात्यात लिहायचं, तवाच समजते धंद्याचा पैसा कुठं जाऊन राहिला. मला समजलं होतं. समजलं नव्हतं असं आता म्हणता येत नाही.

लेक पाटनला दिलेली, जावई कामाविना घरी बसूनच. मी तिला दर महिन्याला काही धाडत होती. 'घरी नेलेले'त लिहिलं असतं तर मुलगा बोलला असता. मजुरी मीच वाटत होती, म्हणून ते पैसे मजुरीत लिहीत गेली.

वर्ष संपलं, मुलानं हिशोबाचा कागद काढला. परकर तेवढेच, मजुरी फुगलेली. म्हणे, बाई महाग पडून राहिली, हात मंद झाला तिचा, याहून बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात तयार माल स्वस्त भेटते. मी तिथंच नाडी ओवत बसली होती. बोलली नाही. शनिवारी त्यानं तिला तेच सांगून उद्यापासून येऊ नको म्हटलं. तिनं कैची डब्यात ठेवली, मशीन पुसली अन् गेली.

आठ दिवस गेले. मग सुनेला सांगितलं. ती गुमान एकेक रक्कम मजुरीतून काढून 'घरी नेलेले'त टाकत गेली. मुलगा मागं उभा.

"त्याच दिवशी काहून नाही बोलली, आई?"

मी पायात चपला घातल्या.

तिच्या घरी खमरियाला गेली. ती दुसरीकडं कामाला लागली होती. तिनं चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, परत चल म्हटलं. ती उठून गॅस बंद करून आली.

"अम्मा, हम तो घर में बैठके अपने टाँके गिनते रहे. लगा, हाथ ही धीमा हो गया."

आली नाही ती. पाटनचे पैसे मी आता 'घरी नेलेले'तच लिहिते. मुलगा पाहते, काही म्हणत नाही. तिच्या मशिनीला मी तेल देते, चालवत कोणी नाही.