कडीची भिंत

भूतबित मानणाऱ्यातला मी नाही. बानं कंधारला एका मालकाकडं सालगडी म्हणून जन्म काढला. मालकाच्या पोरांचे उतरलेले सदरे आले की आमची दिवाळी. आमच्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट — बी.एस्सी., फिजिक्स.

विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरची अन् इन्व्हर्टरची सर्किट-कार्डं दुरुस्त करायला मी त्याच मालकांचं गॅरेज भाड्यानं घेतलं. पूर्वीचा गोठाच तो — दगडी भिंती, वर पत्रे. उन्हाळ्यात नुसती भट्टी, शिवाय धूळ. म्हणून पत्र्याखाली आणि चारही भिंतींना थर्माकोल लावून वर प्लायवूड ठोकलं. मागच्या भिंतीत बैल बांधायची लोखंडी कडी होती, तीही झाकली.

धाकटे मालक दारात येऊन हसले. "बापानं हितं शेण काढलं, अन् लेक एसी करून राहिला! पाडव्याला दुकान चालू न्हाई झालं तर कुलूप माझं."

दुसऱ्याच दुपारी मागच्या प्लायवर आतून धडक बसली. म्हटलं, उन्हानं लाकूड फुगलं असेल. पुन्हा — धाड्! स्क्रू सुटून माझा गाल कापत गेला. शीट काढलं... थर्माकोलला भिंतीच्या बाजूनं डोक्याएवढा खड्डा. मागं मात्र नुसता दगड. ओल नाही, भेग नाही. नवा थर्माकोल बसवला, तर दुसऱ्या दिवशी प्लायच उभं चिरलं.

बाला आणलं. कडी बघून तो मागं सरला.

"हितं मारका बैल हुता. आखूड बांधला की भिंतीला धडका द्यायचा. तू तर पार कोंडलास त्याला."

"बा, मी फिजिक्स शिकलोय."

"मंग शिकव की त्यालाबी!"

मला राग आला. नवं शीट आणलं, एक टोक बाला धरायला दिलं आणि भिंतीला टेकवलं... माझ्याकडची बाजू अशी उसळली की मी टेबलावर जाऊन आदळलो. बाच्या हातातलं टोक हललंसुद्धा नाही.

ती भिंत उघडी सोडली. आजही तिच्याकडं पाठ करून बसत नाही. कॉलेजातल्या सरांना विचारलं, ते हसले. कारण मला अजून सापडलेलं नाही.

छत आणि तीन भिंतींच्या थर्माकोलवर काम भागतं. पाडव्याला वर्कशॉप चालू झालं. पाटीवर बाचं नाव आहे, खाली माझं, पुढं बी.एस्सी.