रुमालाखालचा घाम

बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सांगतात. बापानं मागे ठेवलं ते एक रिकामं दावं. पूर्णेच्या बाजारात मी या बोटांवरच मोठा झालो. पण माझ्या हाताला घाम सुटायचा, आणि ते माझ्या चुलत्याला ठाऊक होतं.

निजामी अमलात भ्यायला बाहेर कारणं भरपूर होती. माझं भय मात्र घरचं होतं. गिऱ्हाईक गप्प बसलं की वाटायचं, याला बैलाची खोड कळली, आता हा बाजारभर सांगणार, उद्यापासून आपल्या दावणीला कोणी फिरकणार नाही. बैलात खोड नसली तरी हेच. छाती इतकी धडधडायची की समोरच्याला ऐकू जाईल, या भीतीनं ती आणखी धडधडायची.

जिवापाड वाढवलेली लाल कंधारी जोडी मी विकायला काढली, त्या दिवशी चुलते गिऱ्हाइकाच्या कानाला लागले. दोघं माझ्याकडे बघून हसले. रुमालाखाली मी जोडी मातीमोलानं देऊन टाकली.

"काका, काय सांगितलं तुमी त्याला?"

"मी? त्याच्या जावयाची नक्कल करायलो होतो. बैलाचं नाव बी काढलं न्हाई. तूच मनात बैल लंगडा केलास, लेका!"

पुढच्या बाजारी माझी जोडी त्यांच्याच दावणीला होती. मागच्या बाजारचं ते गिऱ्हाईक त्यांचंच माणूस होतं.

जोडी परत घ्यायला मी काकांपुढे रुमाल केला. ते माझ्याकडे बघून हसले. छाती लागली उडायला. या वेळी मी स्वतःला विचारलं, दिसलं काय? हसणं. ऐकलं काय? काहीच नाही. बाकीचं सगळं माझ्या डोक्यातलं. बोटं हलू दिली नाहीत. बैलाच्या मागच्या पायाकडे बघून नुसतं चुकचुकलो.

"काय झालं रे?"

"काही नाही."

"न्हाई, सांग की! काय दिसलं?"

"काही नाही म्हटलं ना, काका."

त्यांचा तळवा ओला झाला. याला खोड दिसली, आता खोडीसकट आपली लबाडी हा बाजारभर सांगणार, हे त्यांच्या मनात चाललेलं मला पाठ होतं. जोडी घेऊनच मी उठलो. भाव मी म्हणेन तो.

त्यानंतर ते बाजारात येईनात. एके दिवशी चुलती दारात आली. "लय भ्यायलेत रे. कोणी रस्त्यानं हसत गेलं तरी दार लावून घ्यायलेत. एक डाव येऊन दोन शब्द बोल."

त्यांना काय झालंय हे गावात फक्त मला कळत होतं. काय सांगितलं की छातीची धडधड थांबते, तेही.

गेलो नाही.