गायधनी सरांचं पोलंड

वाचनालयाच्या सभेत मानपानावरून वाद सुरू झाला की गायधनी सर चष्मा काढून पुटपुटत, “आलं लंडन!”

सर आम्हाला शाळेत इतिहास शिकवत. दुसऱ्या महायुद्धात शेजाऱ्यांनी पोलंड गिळलं आणि त्याचं सरकार परदेशात, शेवटी लंडनला जाऊन बसलं. सैनिक परक्या आघाड्यांवर मरत होते, वॉर्सा जळत होतं आणि हे पुढारी पंतप्रधान कोण, सेनापती कोण यावर भांडत होते. सांगताना सरांचं तोंड काढा प्यायल्यासारखं वाकडं होई. “देश गेला रे, पण ह्यांचा रुसवा काही जाईना!”

पुढे आमच्या वाचनालयाची इमारत रस्तारुंदीत पडली. पुस्तकं पोत्यांत भरून सिन्नरच्या एका गोदामात गेली. कार्यकारिणी मात्र शाबूत! कॉलेज रोडला एका सभासदाच्या ऑफिसात सभा भरायच्या. अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, शाल, श्रीफळ, एकमेकांचे सत्कार. नव्या जागेचा विषय निघेपर्यंत चहा आलेला असायचा. मला तर त्या शालींचा वाससुद्धा नकोसा झाला होता.

एकदा सर मला घेऊन गोदामात गेले. राखणदार म्हणाला, “लय वाळवी लागली हाय सर. तुमचं कुणी बघायला येतच नाय.” सरांनी पोत्यात हात घातला, तर मूठभर मातीच वर आली. ती त्यांनी रुमालात बांधली आणि पुढच्या सभेत अध्यक्षांसमोर सोडली.

“सर, हा विषय आजच्या विषयपत्रिकेवर नाहीये,” अध्यक्ष म्हणाले.

“अहो, त्या लंडनवाल्यांनी भांडत का होईना, राजचिन्हं जपली. कितीतरी वर्षांनी देशात लोकांनी निवडलेला अध्यक्ष आला, तेव्हा नेऊन त्याच्या हातात दिली. तुम्ही काय देणार? ही माती?”

शिपायाने फडक्याने टेबल पुसलं.

गेल्या वर्षी सर गेले. शोकसभेत अध्यक्षस्थान कुणी घ्यायचं यावर दोन सूचना, दोन अनुमोदनं. फोटोला हार कुणी घालायचा तेही ठरेना. मग वाचनालयाच्या मुख्य दालनाला सरांचं नाव द्यायचा ठराव आला. दालन आहे कुठे, हे कुणी विचारलं नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. शोकसभेत टाळ्या वाजल्या! मला किळस आली. मी उठलो, हार उचलून सरांच्या फोटोला घातला आणि मोठ्याने म्हणालो, “आलं लंडन!”

“खाली बसा,” एक उपाध्यक्ष म्हणाले, “हार घालायचा मान तुमचा नव्हता.”

आणि त्यांनी तो हार काढून पुन्हा तबकात ठेवला.